काळ्या दगडाचा लख्ख फोटो

मैत्रिणींनो, मोबाइल आल्यापासून हौसेने घेतलेले डिजिटल एसएलआर कॅमेरे कपाटात पडून आहेत ना? ते बाहेर काढा. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिराचा शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा. साडेनऊशेहून अधिक पावसाळे सोसून शिल्पांचे चेहरे झिजत चाललेत. आज जे दिसतंय, ते नीट टिपून ठेवायला हवं.

पण फोटो कॅमेऱ्यावर छान दिसतो आणि घरी मोठा केला की पुसट निघतो! कारण साधं आहे. ऑटोफोकस उजेड-अंधारातला फरक शोधतो. सावलीतल्या काळ्या दगडात तो फारसा नसतो. अशा वेळी फोकस हातानेच करावा.

आधी चष्म्याचं बघा. डोळा लावायच्या काचेशेजारी बारीक चाक असतं, त्याला डायॉप्टर म्हणतात. आतली अक्षरं स्वच्छ दिसेपर्यंत ते फिरवा. चष्मा लावून फोटो काढणार असाल, तर तो लावूनच फिरवा.

मग लेन्सवरचं बटण ‘एएफ’वरून ‘एमएफ’वर न्या. त्याआधी रिंग जबरीने फिरवू नका, लेन्स बिघडते. आता लाइव्ह व्ह्यू लावा आणि भिंगाच्या खुणेचं बटण दाबून शिल्पाचा डोळा पडद्यावर मोठा करा. रिंग हळूहळू फिरवा. चित्र स्पष्ट होऊन पुन्हा पुसट व्हायला लागलं, की थोडं मागे या. रेडिओचं स्टेशन लावतो ना, अगदी तस्संच!

एकदा फोकस झाला की पुढे-मागे झुकू नका. ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.८वर ठेवून एक मीटरवरून फोटो काढलात, तर जेमतेम तीन सेंटिमीटर खोलीचंच नीट येतं. नाक स्पष्ट, कान पुसट! म्हणून एफ ८ ठेवा. उजेड कमी पडला तर शटर सावकाश चालतं आणि हात हलतो. कोपर अंगाशी घट्ट धरा. मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा ट्रायपॉड लावण्यापूर्वी परवानगी विचारा.

महाशिवरात्रीच्या गर्दीत हे जमायचं नाही. साध्या दिवशी सकाळी जा, तिरप्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं. त्याआधी दोन दिवस घरीच मसाल्याच्या पाकिटावरच्या बारीक अक्षरांवर सराव करा. ती वाचता आली, की हात बसला म्हणून समजा. मग देवघरातल्या समईच्या उजेडातला सासूबाईंचा चेहराही असाच टिपा. तोही जपून ठेवायचाच आहे.