पेशीचे वाचन आणि आमचे मौन

आमच्या मराठी विभागांत एक समजूत वर्षानुवर्षे सुखाने नांदत आली आहे. रेणवीय आणि पेशी जीवशास्त्रात एम.एस्सी. करणारा विद्यार्थी भाषेचा निरोप घेऊनच त्या वाटेला लागतो. मोजमाप त्याचे, अर्थ आमचे, अशी ही वाटणी आहे. आम्हीही ती बराच काळ मुकाट्याने मान्य केली. ही समजूत विज्ञानाविषयी चुकीची आहे आणि भाषेविषयी त्याहून चुकीची आहे, असे आता आम्हांला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

हा विद्यार्थी दोन वर्षे काय शिकतो ते आधी पाहू. ट्रान्सक्रिप्शन, ट्रान्सलेशन, रीडिंग फ्रेम, जीन लायब्ररी, जीन एडिटिंग. मराठीत म्हणायचे तर प्रतिलेखन, भाषांतरण, वाचनचौकट, ग्रंथालय, संपादन. ही सारी शब्दसंपदा आमच्याच घरातून गेलेली आहे. डीएनएमधील अक्षरे चार, ती तीन-तीनच्या गटांनी वाचली जातात, असे गट ६४. त्यांपैकी ६१ अमिनो आम्ले दर्शवितात आणि तीन पूर्णविरामाचे काम करतात. 'कमळ बदक मगर नजर' ही ओळ तीन-तीन अक्षरांनी वाचावी आणि मग दुसरे अक्षर 'म' काढून टाकावे. 'कळब दकम गरन जर' एवढेच हाती उरते. एकच अक्षर गेले, पण पुढचे सगळे वाचन कोसळले. अक्षरे तीन गेली असती तर थोड्या पडझडीनंतर ओळ पुन्हा सावरली असती. फ्रान्सिस क्रिक, सिडनी ब्रेनर आणि त्यांचे सहकारी यांनी १९६१ साली विषाणूंवरील प्रयोगांत नेमके हेच तर्कशास्त्र वापरून जनुकीय संकेत तीन-अक्षरी असल्याचे दाखविले. याला वाचन म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

परंतु रूपके निष्पाप नसतात, हे आम्हांला कोणी शिकवायला नको. क्रिकने माहितीच्या वहनाविषयीच्या आपल्या सिद्धान्ताला १९५८ साली 'सेंट्रल डॉग्मा' हे नाव दिले. 'डॉग्मा' म्हणजे श्रद्धावंताला ज्याविषयी शंका घेता येत नाही असे मत, हा अर्थ आपल्या ध्यानीच नव्हता, अशी कबुली त्याने पुढे दिली. १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी आरएनएवरून डीएनए घडविणारे विकर शोधले. त्याने क्रिकचा मूळ सिद्धान्त मोडला नाही, पण डीएनएकडून आरएनएकडे एवढाच एकेरी रस्ता, असे जे त्याचे पाठ्यपुस्तकी रूप 'डॉग्मा' म्हणून घोकले जात होते, ते मात्र मोडले. जनुकांना 'संकेत' आणि 'ग्रंथ' म्हणण्याची सवय कोणत्या काळात व कोणत्या गरजांतून लागली, याची झडती लिली के या इतिहासकार विदुषीने २००० साली एका अख्ख्या ग्रंथात घेतली. हे काम साहित्यसमीक्षेच्या अगदी शेजारचे आहे. आम्ही मात्र या शास्त्राकडून एकच शब्द उसना आणला आणि तोही वापरून गुळगुळीत केला. 'हे तर मराठी संस्कृतीच्या डीएनएमध्येच आहे' असे वाक्य परीक्षणांत, अध्यक्षीय भाषणांत, अग्रलेखांत सर्रास येते आणि कोणीही त्याला हटकत नाही. या वाक्याने इतिहासाला रक्तात ढकलले, घडविलेल्या गोष्टीला जन्मजात ठरविले, हे आमच्या गावीही नसते.

यावर कोणी म्हणेल, परिभाषाकोश आहेत, मराठी विश्वकोश आहे, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करीत आहे. मग अडले कोठे? या कामाचे ऋण आम्ही मानतोच. पण प्रश्न संज्ञांचा नाही, वाक्यांचा आहे. सिकलसेलचे उदाहरण घ्या. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. म्हणजे एका जनुकातले एकच अक्षर बदलते. प्रत्येक एम.एस्सी.च्या वर्गात हे उदाहरण शिकविले जाते. विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी व दलित कुटुंबांत मात्र हे उदाहरण नसते, घरातले दुखणे असते.

त्या घरातला एक विद्यार्थी या वर्गात बसला आहे असे समजा. सुट्टीत गावी गेल्यावर मावशी त्याला विचारते, 'माझ्या पोरीला वाहक म्हणतात, म्हणजे काय रे?' 'वाहक' हा कोशातला निर्दोष शब्द. पण एसटीत वाहक तिकिटे देतो आणि डास रोगवाहक असतो. म्हणजे पोरीपासून इतरांना रोग लागतो, असेच मावशीला वाटणार. वस्तुतः वाहक व्यक्ती बहुधा निरोगी असते आणि तिच्यापासून संसर्ग होत नाही. पुढे तो सांगतो की दोघेही वाहक असतील तर चारांतल्या एका मुलाला आजार होतो. मावशी समजते की एकाला झाला, आता पुढची तीन सुटली. प्रत्येक गरोदरपणी पंचवीस टक्के धोका नव्याने उभा राहतो, ही गोष्ट त्या वाक्यात आलीच नव्हती. मुलाचे शास्त्र पक्के होते. त्याच्याजवळ वाक्य नव्हते. त्या वाक्यावर कोणाचे लग्न आणि कोणाचे मूल अवलंबून असते.

ते वाक्य त्याला कोण देणार? त्याची परीक्षा इंग्रजीत, प्रबंध इंग्रजीत, शोधनिबंध इंग्रजीत. हे सारे मराठीत करा, अशी आमची मागणी नाही. त्या जगाचा व्यवहार त्या भाषेत आहे आणि त्यातून त्याला दूर ठेवणे हा त्याच्यावरच अन्याय होईल. पण 'हे मराठीत सांगताच येत नाही' असे म्हणणारा विज्ञानाचा प्राध्यापक आणि 'हे आमचे काम नाही' असे म्हणणारा मराठीचा प्राध्यापक हे दोघे एकाच अपराधात सहभागी आहेत. त्यातही आमचा वाटा मोठा, कारण शब्दाची छाया कोठे पडते हे ओळखण्यासाठीच आम्हांला पगार मिळतो.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. शेवटच्या सत्रातील प्रत्येक प्रबंधासोबत विद्यार्थ्याने चार पाने मराठीत लिहावीत, घरच्या माणसाला कळतील अशी. ती मराठीच्या शिक्षकाने वाचावीत, अडेल तेथे प्रश्न विचारावेत आणि न कळल्यास तसे निःसंकोच म्हणावे. विद्यार्थ्याला वाक्य मिळेल, शिक्षकाला विषय मिळेल. ज्या विभागांना एवढेही जमणार नसेल त्यांनी मराठी ज्ञानभाषा व्हावी असे ठराव यापुढे करू नयेत.