चेहरा कोणाचा रंगवायचा?

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत तैलरंगातलं व्यक्तिचित्र ही गव्हर्नर, संस्थानिक आणि शेटियांची मिरास होती. ज्याच्या गाठीला पैसा, त्याचा चेहरा भिंतीवर. पेस्तनजी बोमनजी व्यक्तिचित्रकार म्हणून याच काळात नावारूपाला आले. पण मला ते मोठे वाटतात ते पारशी घरांतल्या चित्रांमुळे. पोपटाला भरवणारी बाई त्यांनी रंगवली ती एखाद्या लाटसाहेबाला द्यावा तेवढाच वेळ आणि मान देऊन. तिचा साधेपणा त्यांनी झाकला नाही, सजवलाही नाही.

ही नजर आयती आली नव्हती. १८५१ साली जन्मलेले पेस्तनजी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. प्राध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला घेतल्या, तेव्हा त्यांच्या भारतीय विद्यार्थ्यांत पेस्तनजी आघाडीवर होते. अंधाऱ्या लेण्यांत, पोपडे निघालेल्या भिंतींसमोर तासन्‌तास बसून त्यांनी रेषा टिपल्या. १८७७ च्या दिल्ली दरबाराचं चित्र करायला आलेले इंग्रज चित्रकार व्हॅल प्रिन्सेप यांच्याकडून त्यांनी तैलरंगाचे धडे घेतले. एवढी कमावलेली विद्या त्यांनी आपल्याच माणसांसाठी वापरली. म्हणून त्या काळचं पारशी घर आज आपल्याला आतून दिसतं. पेस्तनजी १९३८ मध्ये वारले.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या चित्रकारांनी त्यांच्याकडून घ्यावं ते हेच. आपल्याकडे जंगलाची चित्रं निघतात, वाघाची तर उदंड निघतात. जंगलातल्या माणसाचं चित्र निघतं तेही बहुतेक वेळा पोशाखाचं आणि दागिन्यांचं असतं. त्या माणसाला नाव नसतं. बांबूची टोपली विणणारा बुरड, तेंदूपत्त्याचे पुडे बांधणारी बाई, सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेत बसणारा म्हातारा, झाडीपट्टीच्या रंगभूमीवर हयात घालवलेला नट यांचे चेहरे तैलरंगात यायला हवेत, खाली नावासकट.

मोबाइलमध्ये फोटो असताना चित्र कशाला, असं कोणी म्हणेल. फोटो क्षणात निघतो. चित्रासाठी दोन माणसांना समोरासमोर बसावं लागतं, बोलावं लागतं, एकमेकांवर विश्वास ठेवावा लागतो. ओळख होते ती तिथेच.

आपली मुलं दरवर्षी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांना बसतात. घडा, फळं, पडद्याची घडी छान काढतात. समोर बसलेल्या माणसाचं व्यक्तिचित्र त्या परीक्षांत नसतं, म्हणून वर्गातही सहसा होत नाही. दोन्ही जिल्ह्यांतल्या कलाशिक्षकांना माझी विनंती आहे: या वर्षी गावातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला सन्मानाने शाळेत बोलवा, मुलांसमोर बसवा आणि त्यांचं चित्र काढून घ्या. त्यातलं सर्वांत चांगलं चित्र ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, त्यांच्या नावासह लावा.