आधी साकव, मग समायोजन

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माहेरी, रत्नागिरीकडे गेले होते. सकाळी साडेनऊला दादाची नात दप्तरावर प्लास्टिकचा कागद गुंडाळून पडवीत उभी राहिली. दुसरीत आहे ती. “आत्याआजी, येतेस माझी शाळा बघायला?” म्हणाली. मी छत्री घेतली आणि निघाले.

आमच्या वाडीची शाळा पूर्वी घराच्या गडग्याला लागून होती. मी आणि दादा तिथेच चौथीपर्यंत शिकलो. घंटा ऐकून घरातून पळालं तरी प्रार्थनेला पोचायचो. पट सहावर आला आणि गेल्या वर्षी ती शाळा गावातल्या मोठ्या शाळेत समायोजित झाली. दोन्ही शाळांमधलं अंतर कागदावर एक किलोमीटरच्या आत बसतं.

पायांना लागलेलं अंतर वेगळं होतं. आधी घरामागची पाखाडी उतरायची. जांभ्याच्या पायऱ्या, त्यावर शेवाळ. मग भातखाचरांच्या बांधावरून एकामागे एक चालायचं. लावणीचे दिवस, बांधावर घोटाभर चिखल. पुढे पऱ्या, म्हणजे डोंगरातून उतरणारा ओढा. एरवी हा पऱ्या आटलेलाच असतो, पण वरच्या डोंगरात तासभर पाऊस झाला की त्याचा आवाज आमच्या पडवीत ऐकू येतो. त्यावर पोफळीच्या खोडांचा साकव आहे, वाडीतले पुरुष दर मिरगाला तो नव्याने बांधतात. धरायला एका बाजूला एक बांबू. नातीने साकवाशी आल्यावर चपला काढून हातात घेतल्या. तिला कुणी सांगावं लागलं नाही, आणि त्यानेच माझ्या पोटात गोळा आला.

पलीकडे महामार्ग. चौपदरी झाल्यापासून तिथे गाड्यांचा वेग कमी होत नाही. वाडीतून शाळेला निघालेली चारही मुलं एकमेकांचे हात धरून कडेला उभी राहिली. पावसात समोरची गाडी किती लांब आहे हे मला नीट कळत नव्हतं, त्यांना काय कळणार? सर्वांत मोठा मुलगा चौथीतला. त्याने “चला” म्हटलं की सगळे पळतात. घरापासून शाळेच्या दारापर्यंत अडतीस मिनिटं लागली. नकाशावर रेघ मारणाऱ्याला पऱ्या आडवा येत नाही, पाखाडीचा चढ लागत नाही आणि महामार्गही ओलांडावा लागत नाही.

पटावर सहा मुलं होती, चालणारी चारच, असं का, हे मी वहिनीला विचारलं. दोघांना आईबापांनी मुंबईला मामाकडे पाठवलं, म्हणाली. वाटेच्या भीतीने.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीच्या मुलांना एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलांना तीन किलोमीटरच्या आत शाळा, हे त्याखालच्या नियमांचं माप शिक्षण खात्यात सगळ्यांना पाठ आहे. पण हे अंतर चालण्याचं आहे, हे पुष्कळदा विसरलं जातं. केंद्राच्या २०१० च्या नियमांत तर पुढे आणखी एक गोष्ट सांगितली आहे. जिथे भूभाग अवघड आहे, दरड किंवा पुराचा धोका आहे, रस्ता नाही, किंवा घरून शाळेत येताना लहान मुलांना धोका आहे, तिथे ही हद्द कमी करावी आणि धोका टळेल अशा जागी शाळा असावी. म्हणजे एक किलोमीटर ही वरची मर्यादा झाली. वाट वाईट असेल तर अर्धा किलोमीटरही जास्त ठरू शकतो. शाळांची हद्द बदलताना सर्वांत आधी वाचायचा नियम हा आहे, आणि समायोजनाच्या चर्चेत तो मी एकदाही ऐकलेला नाही.

प्रश्न एका वाडीचा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये राज्यात दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून जवळच्या शाळांना जोडण्याचा निर्णय झाला होता. २०२३ मध्ये छोट्या शाळा एकत्र आणणाऱ्या समूह शाळांची कल्पना पुढे आली. वीसपर्यंत पट असलेल्या १४,७८३ शाळा तेव्हा मोजल्या गेल्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुलं शिकत होती. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ दाखवलं गेलं. पानशेतला धरण, तोरणमाळला सातपुडा. दोन्हीकडे शाळेची इमारत कितीही चांगली बांधली, तरी मूल तिथवर रोज कसं पोचतं यावरच सगळं ठरणार.

वाट किती बिकट असू शकते हे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयालाही दिसलं होतं. सातारा जिल्ह्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत पलीकडे जात आणि पुढे जंगल तुडवत शाळा गाठत. बातमी वाचून न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या मुलींची जिद्द मोठी होतीच. पण आपण सगळ्यांनी त्यांचं कौतुक जास्त केलं आणि होडी का वल्हवावी लागते हे कमी विचारलं. आठ-दहा वर्षांच्या मुलीला शाळेसाठी जिद्द लागू नये.

छोट्या शाळा जशा आहेत तशाच चालू ठेवा, असं मी म्हणत नाही. एकच शिक्षक चार इयत्ता घेऊन बसतो, हे मी पाहिलं आहे. गुरुजी प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की शाळेला कुलूप. वर्गात सोबती नाही, खेळायला दुसरा संघ नाही. नातीला नव्या शाळेत वाचनालय मिळालं आहे, तिच्या वर्गात नऊ मुली आहेत आणि घरी आल्यावर त्यांच्याविषयी बोलून ती थकत नाही. ती शाळा तिला हवी आहे. म्हणूनच तिथे जाण्याची वाट तिला मिळायला हवी.

सोयी कागदावर आहेत. ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, पण पाचवीपासून पुढे. वाडीच्या शाळा मोडतात त्या चौथीपर्यंतच्या. समग्र शिक्षामध्ये वाहतूक भत्त्याची तरतूद आहे. पण जिथे रिक्षा येण्याजोगा रस्ताच नाही, तिथे त्या पैशाने काय आणायचं? वाटेच्या भीतीने घरी राहिलेल्या मुलाची नोंद शाळेच्या अहवालात ‘अनियमित’ एवढीच होते.

शहरातल्या वाचकांनीही हे परकं मानू नये. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सांगितलं. तरी सकाळी सातला शहरातल्या शाळांबाहेर मुलं गाड्यांच्या मधून वाट काढतात.

माझं म्हणणं साधं आहे. शाळा जोडण्याच्या कागदावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने आधी ती वाट चालावी. जुलैत, पावसात, शाळेच्या वेळेला, दप्तर घेतलेल्या मुलासोबत. शाळा व्यवस्थापन समितीतली एखादी आई बरोबर असावी, कारण पऱ्या कधी फुगतो हे तिला माहीत असतं. जिथे साकव कच्चा, तिथे आधी पक्का साकव. जिथे महामार्ग आडवा, तिथे आधी भुयारी वाट किंवा पादचारी पूल. तोवर जुन्या शाळेचं कुलूप उघडं राहावं.

आमच्या वाडीने येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पक्क्या साकवाचा ठराव मांडायचं ठरवलं आहे. तुमच्या गावाला समायोजनाचं पत्र आलं असेल, तर ग्रामसभेच्या आधी एका सकाळी मुलांबरोबर चालून या, किती मिनिटं लागली आणि कुठे जीव धास्तावला ते लिहून काढा, आणि तो कागद सभेत वाचून इतिवृत्तात नोंदवून घ्या.