विश्लेषण: लहान हाताला लहान पिस्तूल? हे गणित कुठे चुकतं?

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्वर बाजारात आणलं. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणाला तेव्हा जेमतेम वर्ष उलटलं होतं आणि नावाचा रोख उघड होता. .३२ बोअर, वजन सुमारे अर्धा किलो, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा सांगाडा, किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. दागिन्यांसाठी असते तशा मरून रंगाच्या पेटीतून ते दिलं जात होतं.

तेव्हा वाद झाला तो किमतीवर आणि 'महिलांनी शस्त्र बाळगणं हा सुरक्षेचा उपाय आहे का' या मुद्द्यावर. दोन्ही वाद रास्तच होते. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे राहिला. हलकं आणि छोटं शस्त्र महिलेच्या हाताला योग्य, हे ठरवलं कुणी?

'लेडीज गन' म्हणजे चिमुकली, पर्समध्ये मावणारी, हा समज फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या दुकानांतही लहान चणीच्या ग्राहकापुढे आधी सगळ्यात छोटं पिस्तूल ठेवण्याची सवय जुनी आहे. तिथल्या सैन्याने आणि पोलिसांनी मात्र या विषयात बरेच टक्केटोणपे खाल्ले आहेत.

हाताचं माप म्हणजे नेमकं काय?

बूट घेताना लांबी आणि रुंदी पाहतात. पिस्तुलात सगळ्यात महत्त्वाचं अंतर वेगळंच असतं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला जिथे टेकते, तिथपासून ट्रिगरपर्यंतचं अंतर. हात मोठा की छोटा, यापेक्षा तर्जनी हे अंतर सहज गाठते का, हा खरा प्रश्न.

पिस्तूल नीट बसलं असेल तर बेचकी मुठीच्या मागे शक्य तितकी वर टेकते, नळी आणि कोपरापासूनचा हात एका सरळ रेषेत येतात आणि तर्जनीच्या टोकाच्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर पडतो. मूठ फार जाड असेल तर बोट तिथवर पोहोचत नाही. मग नेमबाज नकळत मनगट वळवून पिस्तूल हातात फिरवून घेतो. बोट पोहोचतं, पण पिस्तुलाचा मागचा भाग आता तळव्याऐवजी अंगठ्याच्या बुडाशी टेकलेला असतो. गोळी सुटल्यावरचा सगळा धक्का तिथे बसतो आणि दुसऱ्या गोळीच्या वेळी नळी भलतीकडे असते.

उलटं झालं तरी पंचाईतच. मूठ फार बारीक असेल तर लांब बोट ट्रिगरवर गरजेपेक्षा जास्त आत जातं. उजव्या हाताच्या नेमबाजाचं बोट कमी पोहोचत असेल तर गोळ्या सहसा डावीकडे जातात आणि जास्त आत गेलं तर उजवीकडे, असं प्रशिक्षक सांगतात. त्यामुळे कागदी लक्ष्यावरची भोकं एकाच बाजूला जमत असतील, तर जाणता प्रशिक्षक डोळ्यांआधी मूठ तपासतो.

ट्रिगरखेरीज मॅगझिन सोडण्याचं बटण आणि सेफ्टीची कळही पकड न सोडता अंगठ्याला सापडायला हवी. डावखुऱ्यांचं दुखणं इथे सुरू होतं, कारण जुन्या पिस्तुलांवर या कळा डाव्या बाजूलाच असत, म्हणजे उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी. आपल्याकडे सैन्यात आणि पोलिसांत वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं इशापूरचं '९ एमएम ऑटो १ए' हे ब्राउनिंग हाय-पॉवरचं रूप त्याच घराण्यातलं.

शंभर वर्षांपूर्वीची तक्रार

अमेरिकी सैन्याचं .४५ बोअरचं एम १९११ पिस्तूल पहिल्या महायुद्धात वापरलं गेलं. युद्धानंतर त्यात सुधारणा झाल्या आणि १९२०च्या दशकात एम १९११ए१ हे रूप आलं. त्यात ट्रिगर आखूड करून मागे आणला होता आणि ट्रिगरच्या मागे सांगाड्याला दोन्ही बाजूंनी खोबणी पाडली होती, आखूड बोटांना वाट मिळावी म्हणून. मुठीच्या वरचं शेपूटही लांब केलं, कारण मागे येणारा घोडा हाताच्या बेचकीला चावत असे. तेव्हा त्या सैन्यात पिस्तूल चालवणाऱ्या महिला नव्हत्या. तक्रार पुरुष सैनिकांचीच होती. म्हणजे हा प्रश्न 'बायकांचा' कधीच नव्हता.

पुढे १९८५ मध्ये बेरेटा एम ९ आलं आणि या बाबतीत गाडी उलटी फिरली. गोळी .४५ वरून ९ मिलिमीटरची झाली, म्हणजे लहान. मूठ मात्र जाडजूड. कारण मॅगझिन. १९११ मध्ये सात गोळ्या एकावर एक, एका रांगेत बसत. एम ९ मध्ये पंधरा गोळ्या दोन रांगांत एकमेकींना खेटून बसतात आणि हे मॅगझिन मुठीच्या आत असतं. मोठ्या गोळीचं पिस्तूल लहान हातात बसावं आणि लहान गोळीचं बसू नये, असा हा उफराटा प्रकार.

त्यात आणखी एक मेख होती. एम ९ मधली पहिली गोळी 'डबल ॲक्शन' पद्धतीने सुटते. घोडा खाली असतो, ट्रिगर पुढे असतो आणि तो लांबवर, जोर लावून ओढावा लागतो. पहिल्या गोळीनंतर घोडा उचललेलाच राहतो, ट्रिगर मागे सरकतो आणि हलका होतो. म्हणजे आखूड बोटाच्या सैनिकाला सगळ्यात अवघड गोळी पहिली. पिस्तूल काढण्याची वेळ आली असताना तीच गोळी सगळ्यात महत्त्वाची असते.

बेरेटाने पातळ मुठीची आवृत्ती काढली आणि सैन्यालाही एम ९ए३ हा सुधारित पर्याय देऊ केला. सैन्याने तो नाकारला आणि नवी स्पर्धा घेतली. वेगवेगळ्या मापांच्या हातांशी जुळवून घेता येणं ही त्यातली एक अपेक्षा होती. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेने लढाऊ दलांतल्या सगळ्या जागा महिलांसाठी खुल्या केल्याची घोषणा केली होती, हेही इथे लक्षात घ्यायला हवं. जानेवारी २०१७ मध्ये सिग सॉअरच्या पी ३२० ची निवड जाहीर झाली. कराराची कमाल रक्कम ५८ कोटी डॉलर. सैन्यात ते एम १७ आणि एम १८ या नावांनी ओळखलं जातं.

या पिस्तुलाची रचना गमतीची आहे. अनुक्रमांक असलेला, म्हणजे कायद्याच्या लेखी 'शस्त्र' ठरणारा भाग हा आतला धातूचा छोटा सांगाडा. बाहेरची मूठ हे नुसतं कवच. ते लहान, मध्यम आणि मोठ्या मापात मिळतं आणि बदलता येतं. सैनिक बदलला तर कवच बदला, पिस्तूल तेच. ट्रिगरही पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत सारखाच. याच पी ३२० बद्दल ट्रिगर न दाबता गोळी सुटल्याचे आरोप करणारे खटले अमेरिकेत झाले आहेत आणि कंपनीने ते आरोप नाकारले आहेत. तो वाद आतल्या यंत्रणेचा आहे, मुठीच्या मापाचा नाही. पण हातात छान बसतं म्हणजे सगळंच छान, असं समजू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

छोट्या पिस्तुलाचा सापळा

आता पुन्हा त्या पर्समधल्या पिस्तुलाकडे. पिस्तूल छोटं केलं की काय काय होतं?

वजन घटलं की धक्का वाढतो. गोळी तीच असेल तर हलकं शस्त्र जास्त वेगाने मागे येतं, हा शाळेत शिकलेला न्यूटनचाच नियम. मूठ आखूड झाली की करंगळीला जागा उरत नाही, आणि पकडीचा बराच जोर करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाकडून येतो. नळी आखूड झाली की पुढच्या आणि मागच्या माशीतलं अंतर घटतं आणि नेमातली छोटी चूकही मोठी होते. शिवाय, ऐकायला विचित्र वाटेल, पण छोट्या पिस्तुलाची स्लाइड मागे ओढणं सहसा मोठ्यापेक्षा कठीण असतं. स्लाइड हलकी असल्याने तिला आवरायला आतली स्प्रिंग कडक ठेवावी लागते. ज्याच्या बोटांत जोर कमी, त्याच्याच हाती सगळ्यात कडक स्प्रिंग दिली जाते.

उत्पादकांच्या हे उशिरा ध्यानात आलं. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये 'शील्ड ईझेड' नावाचं .३८० बोअरचं पिस्तूल आणलं, त्याचा मुख्य मुद्दाच सहज ओढली जाणारी स्लाइड हा होता. ते फार चिमुकलं नाही. मूठ पातळ, पण पुरेशी लांब. लहान हाताला काय लागतं याचं हे बऱ्यापैकी बरोबर उत्तर म्हणता येईल. पिस्तूल लहान नको, मूठ पातळ आणि ट्रिगर जवळ हवा.

'निर्भीक'ला हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. ते रिव्हॉल्वर आहे, त्याला स्लाइड नाही आणि .३२ ची गोळी तशी सौम्य. पण रिव्हॉल्वरचा म्हणून एक वेगळा त्रास असतो. डबल ॲक्शनमध्ये ट्रिगर ओढायला साधारण साडेचार-पाच किलोचा जोर लागणं ही रिव्हॉल्वरमध्ये नेहमीची गोष्ट आहे. अर्धा किलोची वस्तू हवेत स्थिर धरायची आणि एकाच बोटाने तिच्यावर तिच्या वजनाच्या नऊ-दहा पट जोर लावायचा. नळी न हलवता हे जमायला सराव लागतो, भरपूर लागतो. वजन कमी करून हा प्रश्न सुटत नाही, वाढतो.

ट्रिगरचं वजन आणि वाटसरू

ट्रिगर किती जड असावा, हा प्रश्न शस्त्रधाऱ्यापुरता राहत नाही. न्यूयॉर्क पोलिसांच्या पिस्तुलांचा ट्रिगर मुद्दाम जड ठेवलेला होता, सुमारे १२ पौंड म्हणजे साडेपाच किलो. घाबरून, चुकून गोळी सुटू नये हा हेतू. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका बंदूकधाऱ्यावर १६ गोळ्या झाडल्या. तो मारला गेला, पण नऊ वाटसरू जखमी झाले, तेही पोलिसांच्याच गोळ्यांनी आणि त्यांच्या तुकड्यांनी.

सगळा दोष ट्रिगरवर टाकता येणार नाही. गर्दी, जवळचं अंतर, काही सेकंदांत घ्यायचा निर्णय, हे सगळं होतंच. पण जड ट्रिगरमुळे नेम ढळतो, ही टीका त्यानंतर जोरात झाली आणि २०२१ मध्ये नव्या भरतीतल्या पोलिसांना हलक्या, सुमारे पाच पौंडांच्या ट्रिगरची पिस्तुलं देण्याचं ठरलं. बोट आखूड आणि ट्रिगर जड, अशी जोडी जमली तर त्याची किंमत रस्त्यावरून जाणारा माणूसही मोजू शकतो.

खेळात मात्र हात आधी

नेमबाजीच्या खेळात हा प्रश्न कधीच सुटला आहे. दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो, २५ मीटर पिस्तूलमध्ये किमान १ किलोचा. लाकडी मूठ वेगवेगळ्या मापांत मिळते. तरीही खेळाडू ती कानशीने घासतात, कुठे लुकण भरतात, पुन्हा घासतात, तळव्याचा प्रत्येक उंचवटा तिच्यात बसेपर्यंत. नियम एवढाच की मुठीने मनगटाला आधार देता कामा नये. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं, तो प्रकार याच जातकुळीतला. या पातळीवर दुसऱ्याच्या मापाची मूठ घेऊन कुणी उतरत नाही.

परवानाधारक भारतीयाला एवढी चैन नाही. ९ मिलिमीटर बोअर सामान्य नागरिकाला बंद आहे, त्यामुळे निवड बहुतेक .३२ आणि .२२ पुरती उरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात, आधी तीन होती. म्हणजे चुकीचं घेतलं तर ते बदलणं सोपं नाही. शस्त्र नियम २०१६ मध्ये सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट आहे. मूठ, बोट आणि ट्रिगर यांचा मेळ पाहायचा तर तो तिथेच, रिकाम्या शस्त्रावर, जाणत्या प्रशिक्षकासमोर पाहणं शहाणपणाचं, खरेदीच्या आधी.

वर्दीतल्यांना तर निवडच नसते, जे मिळेल ते चालवायचं. महाराष्ट्र पोलीस भरतीत महिलांसाठी ३० टक्के आरक्षण आहे. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. शस्त्रागारात पाचशे पिस्तुलं एकाच मापाची असली तर हिशेब आणि दुरुस्ती सोपी जाते, हे खरं. पण त्यासाठी पाचशे वेगळी पिस्तुलं घ्यावी लागत नाहीत. वॉल्थर पी ९९ मध्ये मुठीचा मागचा भाग बदलण्याची सोय १९९० च्या दशकातच आली होती. २०१० मध्ये आलेल्या चौथ्या पिढीपासून ग्लॉकच्या पेटीत मुठीमागे बसवायच्या जादा पट्ट्याही येतात. पट्टी बदलायची तर एक पिन काढायची आणि पुन्हा बसवायची. काही मिनिटांचं काम आहे. आणि ज्याचा हात लहान, त्याने पट्टी न लावताच चालवायचं.