एकट्याने चित्रपट पाहणे

एकट्याने पुस्तक वाचत बसणाऱ्याला आपण अभ्यासू म्हणतो. दिवसभर एकट्याने चित्रपट पाहणाऱ्याला मात्र रिकामटेकडा ठरवतो. वस्तुतः दोघेही एकच काम करीत असतात. परक्या माणसाच्या आयुष्याकडे ते काही काळ निमूटपणे लक्ष देतात. मग एकाला मान आणि दुसऱ्याविषयी संशय का?

याचे एक कारण आपल्या पाहण्याच्या परंपरेत सापडते. सिंधुदुर्गात प्रेक्षक होणे म्हणजे समूहात बसणे. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळाच्या आवारात रात्रभर दशावतार रंगतो. संकासुराला हसायचे ते शेजाऱ्यासह आणि आख्यानातील दुःखाने डोळे पुसायचे तेही शेजाऱ्यासह. नटाजवळ लिखित संहिता नसते. समोरच्यांचा कल पाहून तो संवाद वाढवतो किंवा आवरता घेतो. प्रेक्षकसमूह हा तेथे प्रयोगाचा भागीदारच असतो.

चित्रपटाचे तसे नाही. आपण हसलो काय किंवा उठून गेलो काय, पडद्यावरील नट आपले वाक्य बदलत नाही. त्यामुळे समजून घेण्याचा सारा भार पाहणाऱ्यावर येतो. सोबतीने हा भार हलका होतो हे खरे. पण मध्यंतरातच ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते आणि अर्धवट उमललेली जाणीव घाईने मत होऊन बसते. एकट्याला ही घाई नसते.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) हा चित्रपट आठवावा. कोकणातील आजोबा नातवाला शहरात आणतात. शस्त्रक्रियेनंतर त्याची दृष्टी जाणार असते, म्हणून त्याआधी ते त्याला शहर दाखवायला नेतात. सोबतीने हा चित्रपट पाहताना ‘हे तर आपल्याकडचेच!’ या ओळखीच्या आनंदात आपण रमतो. एकटे असताना मात्र आजोबांची घालमेल टाळता येत नाही. भारतीय काव्यशास्त्राने ज्याला ‘सहृदय’ म्हटले, तो बहुधा अशा वेळी आपल्यात जागा होतो.

कोणी म्हणेल, मोबाइलवर आपण एकट्यानेच पाहतो की! परंतु तेथे काळाची दोरी आपल्या हाती असते. कंटाळा आला की पुढे सरकवायचे, फोन आला की थांबवायचे. चित्रपटगृहात आपण दुसऱ्याने ठरवलेल्या गतीला शरण जातो. संथ दृश्याचा कंटाळा सोसल्यावरच कधीकधी त्याचा अर्थ लागतो.

अशा दिवसाची संधी आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडेच आहे. १९५२ मध्ये मुंबईतून सुरू झालेला भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो, तोही बहुधा जत्रांच्याच हंगामात, नोव्हेंबरात. मालवणच्या रसिकाने कुडाळला कोकण रेल्वेची गाडी धरून पणजीत एक मुक्काम केला आणि आधी प्रतिनिधी म्हणून नोंदणी केलेली असली, की एका दिवसात देशोदेशींचे तीन-चार चित्रपट पाहता येतात. दोन खेळांच्या मधल्या वेळेत मांडवीच्या काठी गप्प बसावे. सकाळचा चित्रपट दुपारच्या चित्रपटाशी मनात बोलू लागतो.

तरीही हा दिवस सर्वांना सारखा सुलभ नाही. रोजंदारीवरच्या माणसाची एका दिवसाची मजुरी बुडते. स्त्रीच्या बाबतीत तर पैशाआधी प्रश्न येतो: ‘एकटीच? कशाला?’ मुलांसाठी, पाहुण्यांसाठी, देवदर्शनासाठी तिचा दिवस खर्ची पडला तर कोणी हिशेब मागत नाही. स्वतःच्या आवडीसाठी मागितलेल्या दिवसाचे मात्र कारण द्यावे लागते. म्हणून एकट्याने चित्रपट पाहण्याचा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. आपल्या वेळेवर कोणाचा अधिकार, हाही त्यात गुंतलेला आहे.

समूहाचा आनंद कमी लेखण्याचे कारण नाही. जत्रेला सर्वांनी मिळूनच जावे. परंतु साहित्याच्या विद्यार्थ्याने, आणि विद्यार्थिनीने तर आवर्जून, वर्षातून एक दिवस असा मागून घ्यावा. पाहिलेल्यावर चर्चा जरूर करावी. मात्र आपल्याला काय दिसले ते आधी स्वतःपुरते लिहून ठेवावे.