संगजिऱ्याचा खडा आणि पावडरचा डबा

जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात फिख्टेलगेबिर्गे नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या ग्योप्फर्सग्र्यून गावाजवळच्या जुन्या खाणीतून निघालेले काही खडे जगभरच्या खनिज-संग्राहकांच्या कपाटांत जाऊन बसले आहेत. असा खडा दिसतो क्वार्ट्झच्या, म्हणजे गारेच्या, स्फटिकासारखा: सहा बाजूंचा खांब आणि वर निमुळता माथा. पण नख लावले की ओरखडा उठतो आणि बोटाला साबणासारखा गुळगुळीतपणा जाणवतो. त्यात क्वार्ट्झ उरलेलेच नसते. फार पूर्वी मॅग्नेशियमयुक्त गरम पाणी खडकात शिरले, त्याने क्वार्ट्झ थोडे थोडे काढून नेले आणि त्याच्या जागी संगजिरे भरले. बाहेरचा आकार मात्र जसाच्या तसा राहिला. फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची जी मोजपट्टी दिली, तिच्यात हिरा दहाव्या जागी आहे, क्वार्ट्झ सातव्या आणि संगजिरे पहिल्या. म्हणजे सातव्या पायरीवरचा दगड पहिल्या पायरीवर उतरला आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नाही.

संगजिरे म्हणजे टाल्क. फार्सीत 'संग-ए-जराहत', जखमेवरचा दगड. त्याचे आपल्याकडे संगजिरे झाले आणि अनेक घरांत शंखजिरे. बाळाला आंघोळ घातल्यावर मांडीच्या आणि मानेच्या वळ्यांत ते लावण्याची रीत टाल्कम पावडरच्या डब्याहून जुनी आहे. रसायनशास्त्राच्या भाषेत ते मॅग्नेशियमचे जलयुक्त सिलिकेट. सिलिकाच्या दोन थरांमध्ये मॅग्नेशियमचा एक थर, अशी त्याची पाने एकावर एक रचलेली असतात आणि दोन पानांमधली ओढ अगदी क्षीण असते. बोटाच्या दाबाने पाने एकमेकांवरून सरकतात; तो मऊपणा तिथून येतो.

महाराष्ट्रातल्या संग्राहकाकडे हा खडा सहसा बाहेरूनच आलेला असतो. दख्खनच्या बसाल्टने आपल्याला अपोफिलाइट, स्टिल्बाइट अशी देखणी खनिजे दिली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ती पाहायला मिळतात. संगजिऱ्याला वेगळा खडक लागतो. राजस्थानात उदयपूर, भीलवाडा, दौसा या जिल्ह्यांत त्याच्या खाणी आहेत. फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतात त्रिमून्स येथे जगातल्या सर्वांत मोठ्या खाणींपैकी एक आहे. संगजिऱ्याचे सुटे, रेखीव स्फटिक फार दुर्मीळ. त्यामुळे संग्राहक हिरवट, मोत्यासारखी चमक असलेल्या पापुद्र्यांचे नमुने शोधतात किंवा ग्योप्फर्सग्र्यूनसारखे सोंग घेतलेले खडे.

आरोग्याच्या सदरात या खड्याचे काय काम, तर हे सोंग दुसऱ्या बाजूनेही घेतले जाते. डोलोमाइटसारखा मॅग्नेशियमचा खडक तापला आणि त्याला सिलिका मिळाली की संगजिरे तयार होते, तसेच ट्रेमोलाइटही तयार होऊ शकते. ट्रेमोलाइट कधी जाड सुयांच्या रूपात येते, कधी लवचीक, केसाहून बारीक तंतूंच्या. हे तंतुमय रूप म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या सहा प्रकारांपैकी एक. पुढे त्याच ट्रेमोलाइटचे पाण्याच्या संगतीने संगजिरे होऊ लागते आणि आकार सुईचाच राहतो. काही सुया पुऱ्या बदलतात, काही अर्ध्यावर थांबतात. एकाच दगडात दोन्ही खनिजे अशी शेजारी शेजारी असतात.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या सेंट लॉरेन्स काउंटीत बाल्मट आणि टाल्कव्हिल या ठिकाणी असाच खडक आहे. तिथल्या संगजिऱ्याच्या खाणींतून निघणारे जांभळट गुलाबी 'हेक्सागोनाइट' संग्राहकांचे लाडके. हेक्सागोनाइट हे मँगनीजमुळे रंग आलेले ट्रेमोलाइटच. त्याच पट्ट्यातल्या खाणकामगारांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचे अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९८० मध्ये नोंदवले. त्यावर पुढे अनेक वर्षे वाद चालला. तो कामगारांच्या छातीत काय झाले यापेक्षा त्या सुयांना ॲस्बेस्टॉस म्हणायचे की नाही यावर जास्त रंगला. खनिजशास्त्रज्ञांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. जाड सुई आणि लवचीक तंतू यांत खरोखर फरक आहे. पण धूळ श्वासात घेणाऱ्या माणसाला व्याख्या ठरेपर्यंत थांबता येत नाही.

लांब आणि बारीक तंतू फुप्फुसात खोल पोहोचतो. तिथल्या भक्षक पेशींना तो गिळता येत नाही, कारण तो त्यांच्याहून लांब असतो. दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. फुप्फुसावरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग तंतू आत गेल्यानंतर बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी उघड होतो. तोवर ती खाण बंद झालेली असते, कामगार दुसऱ्या गावी गेलेला असतो, आणि 'पूर्वी काय काम करत होता?' हा प्रश्न तपासणीत विचारला जातोच असे नाही.

सगळे संगजिरे असे नसते. कोणत्या खडकातून, किती तापमानाला ते घडले, यावर शेजारी कोणते खनिज असणार हे ठरते. म्हणून खाण कोणती, या प्रश्नाला महत्त्व आहे. संग्राहकांना हे चांगले ठाऊक असते. चांगल्या नमुन्यासोबत एक चिठ्ठी असते: खनिजाचे नाव, खाण, गाव, देश, सोबतची खनिजे. चिठ्ठी हरवली की सुंदर खड्याचीही किंमत उतरते. आता घरातला पावडरचा डबा हातात घेऊन वाचावा. उत्पादकाचा पत्ता मिळेल, किंमत मिळेल, घटकांत 'टाल्क' हा शब्द मिळेल. टाल्क कोणत्या खाणीतले, ॲस्बेस्टॉससाठी तपासले का आणि कोणत्या पद्धतीने, यातले काही सहसा मिळणार नाही. कपाटात शोभेला ठेवायच्या दगडाची कुळकथा लिहिलेली आणि तान्ह्या मुलाच्या अंगाला लावायच्या दगडाची नाही, अशी ही स्थिती आहे.

तपासणीच्या पद्धतीचा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण सगळे अडते तिथेच. सौंदर्यप्रसाधन उद्योगाने १९७० च्या दशकात स्वीकारलेल्या पद्धतीत क्ष-किरण विवर्तनाने तपासणी होते आणि साधारण अर्ध्या टक्क्याखालचे ॲस्बेस्टॉस त्यात निसटू शकते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला त्याहून फार कमी प्रमाण दिसते. अर्थात ते महागही पडते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये अशा सूक्ष्म तपासणीतून ५२ प्रसाधनांचे नमुने पाहिले, तेव्हा ९ मध्ये ॲस्बेस्टॉस सापडले.

शुद्ध टाल्कबद्दलचे चित्र मात्र धूसर आहे, आणि ते धूसर आहे असेच सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२४ मध्ये टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले. माणसांमधला पुरावा अंडाशयाच्या कर्करोगापुरता आणि मर्यादित, प्राण्यांमधला पुरेसा. लाल मांसही याच गटात आहे. गट पुराव्याचा भक्कमपणा सांगतो, धोका किती मोठा हे सांगत नाही. सुमारे अडीच लाख अमेरिकी महिलांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. गुप्तांगाला पावडर लावणे आणि अंडाशयाचा कर्करोग यांचा ठोस संबंध त्यात दिसला नाही. तेव्हा आयुष्यभर काखेत पावडर लावलेल्या आजीबाईंनी घाबरून जाण्याचे कारण नाही. गुप्तांगाला ती लावू नये, हे मात्र खरे. त्यातून फायदा कोणताच नाही.

तान्ह्या बाळांबाबत धूसर काही नाही. डबा झटकला की उडणारी भुकटी बाळाच्या श्वासात जाते. डबा तोंडावर उपडा झाला आणि बाळ गुदमरले, अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत अनेक दशके नोंदवल्या गेल्या आहेत. बालरोगतज्ज्ञ पावडर टाळायला सांगतात ते यासाठी. त्वचेच्या वळ्या मऊ कापडाने टिपून कोरड्या ठेवल्या की काम भागते. हे शंखजिऱ्यालाही लागू आहे. परंपरेमुळे भुकटीचे कण मोठे होत नाहीत.

डॉक्टरांचे या दगडाशी वैर आहे असेही नाही. छातीत वारंवार पाणी साठणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांत फुप्फुस छातीच्या पडद्याला चिकटवण्यासाठी आजही टाल्क वापरतात. फुप्फुसावरणात टाल्क फवारण्याचे तंत्र नॉर्मन बेथ्यून यांनी १९३५ मध्ये मांडले. चीनमधल्या ज्या रुग्णालयाचे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस संचालक झाले, ते याच बेथ्यून यांच्या नावाचे. तिथे टाल्कच्या दाह निर्माण करण्याच्या गुणाचाच उपयोग होतो. आणि त्यासाठीचे टाल्क निर्जंतुक, ॲस्बेस्टॉसमुक्त लागते. कण फार बारीक असतील तर रुग्णाचा श्वास बिघडू शकतो, म्हणून कणांचा आकारही ठरवून घेतला जातो. याउलट शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांना लावलेल्या टाल्कमुळे पोटात गाठी आणि चिकटे तयार होतात असे दिसल्यावर ते हातमोज्यांवरून काढून टाकले गेले.

म्हणजे काटेकोर टाल्क मिळू शकते; मागितले तर. जॉन्सन अँड जॉन्सनने टाल्कची बेबी पावडर अमेरिका व कॅनडात २०२० मध्ये आणि जगभर २०२३ मध्ये थांबवली व मक्याच्या स्टार्चकडे वळली. इतर उत्पादक टाल्क वापरतच आहेत, त्यांनी वापरावेही. पण डब्यावर खाणीचे नाव, तपासणीची पद्धत आणि तिचा निकाल छापण्याची सक्ती सरकारने करावी. प्रत्येक खेपेची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी व्हावी. ही माहिती आधी मिळायला हवी ती दळणाच्या गिरणीत पोती भरणाऱ्या कामगाराला, कारण त्याच्या श्वासात जाणारी धूळ डबाभर नसते, दिवसभराची असते.

संग्राहकांसाठी आणि शाळांसाठी थोडे. अखंड खडा हातात घेतल्याने काही होत नाही. करवतीने कापणे, कोरड्या ब्रशने घासणे, फुंकर मारून धूळ उडवणे टाळावे. तंतुमय किंवा सुयांचे नमुने झाकणाच्या पारदर्शक डबीत ठेवावेत आणि मुलांना डबीतूनच दाखवावेत. मोसच्या मोजपट्टीचा संच शाळेत असेल तर त्यातला पहिला खडा मुले नखाने खरवडणारच. तो तंतू नसलेला, सलग पोताचा असावा, आणि तास संपल्यावर बाक ओल्या फडक्याने पुसून मुलांनी हात धुवावेत. संचावर खडा कुठल्या खाणीतला ते लिहिलेले नसेल, तर विक्रेत्याला विचारावे.