गंज रंगविणारांची बाजू

कित्येक सुशिक्षित घरांतून हल्ली अशी तक्रार कानी येते की, मुले भावी युगातील सैनिकांच्या बोटभर प्रतिमा आणतात, आठवडाभर रंगवितात आणि रंग खुलला न खुलला तोच त्यांवर चिखल नि गंज चढवितात. हा शुद्ध पोरखेळ, असा वडीलधाऱ्यांचा निकाल! तो आम्हांस मान्य नाही.

विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यांतील सैनिकांच्या लढायांचे नियम मांडले. १९८७ साली निघालेल्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ने अशाच पटावर दूरच्या भविष्यातील सेना उतरविल्या.

गंज चढविणे म्हणजे घाण करणे नव्हे. दुधनी स्थानकावरून जाणाऱ्या मालगाडीचा एखादा जुना डबा पाहावा. पाणी सांध्यांत मुरते, म्हणून गंज तेथून खाली ओघळतो. जेथे घर्षण अधिक, तेथे लोखंड उजळते. काळ्या रानाची धूळ तळाशी साचते. रंगविणारास हे आधी पाहावे लागते. मगच पातळ तपकिरी रंग खाचांत सोडावयाचा आणि जवळजवळ कोरडा कुंचला कडांवरून फिरवावयाचा.

अशाने युद्धाची गोडी लागेल, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. पण ती गोडी तकतकीत सैनिकच लावतो! दिवाळीच्या किल्ल्यावरील कोरा करकरीत मावळा जणू कधी घाट चढलाच नाही. चिलखतावरचा ओरखडा नि पायांवरचा चिखल लढाईची किंमत सांगतात. मुलांच्या हातचा कुंचला हिसकावणाऱ्यांनी ती किंमत आपण कोणत्या रंगाने दाखविणार, हे आधी सांगावे.